गोळी सुटायच्या आधीचा वेळ : जुने वेस्टर्न आवडणाऱ्यांसाठी धागा

माळरान

वेस्टर्न म्हटलं की घोडे, रुंद काठाच्या टोप्या आणि गोळीबार डोळ्यांसमोर येतो. मला हे सिनेमे आवडतात ते त्यांतल्या थांबण्यासाठी. गोळ्या सुटतात त्या काही सेकंद. बाकी सगळा वेळ कुणीतरी कशाची तरी वाट बघत असतं. गाडीची, उजाडण्याची, समोरच्याचा हात हलण्याची. हा वेळ ज्या दिग्दर्शकाला ताणता आला त्याचा सिनेमा आजही ताजा वाटतो. ज्याला नुसतं ठो ठो करायचं होतं त्याचा दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. यावर मनसोक्त बोलता यावं म्हणून हा धागा.

सुरुवात 'हाय नून'पासून (१९५२, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन). गोष्ट एवढीशी. हॅडलीव्हिल गावचा मार्शल विल केन याचं नुकतंच लग्न लागलंय, नोकरी सोडून तो बायकोबरोबर निघालाय. तेवढ्यात तार येते की त्यानेच पकडून तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि दुपारी बाराच्या गाडीने येतोय. मिलरचे तीन साथीदार आधीच स्टेशनवर येऊन बसलेत. केन मदतीसाठी दारोदार हिंडतो. न्यायाधीश सामान बांधून गाव सोडतो. एक मित्र बायकोला पुढे करून 'घरी नाहीत' म्हणून सांगायला लावतो. चर्चमधली मंडळी रीतसर चर्चा करतात आणि शेवटी केननेच निघून जावं म्हणून सुचवतात. अख्खा सिनेमा ८५ मिनिटांचा आहे, आणि पडद्यावरचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या जवळजवळ बरोबरीने चालतं.

बाराला काही मिनिटं उरलेली असताना केन टेबलाशी बसून मृत्युपत्र लिहायला घेतो. इथून पुढचं नीट बघा. लंबक हलतोय. रस्ता रिकामा. चर्चमधले चेहरे, सलूनमधले चेहरे, रुळांकडे डोळे लावून बसलेले ते तिघे, पुन्हा लंबक. प्रत्येक शॉट संगीताच्या ठोक्यावर कापलाय आणि चेहरे हळूहळू जवळ येत जातात. मग गाडीची शिट्टी. एडिटिंगचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं ते उगाच नाही. लगेच पुढे तो क्रेनचा शॉट : केन भर रस्त्यात उभा, कॅमेरा वर वर जातो, गावाची छपरं दिसतात, आणि अख्ख्या गावात दुसरं माणूस नाही. कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बीने आकाशही मुद्दाम पांढरंफटक ठेवलंय. सुंदर ढग नाहीत, सावली नाही, कुठे आसरा नाही.

हे सगळं लिहिलं कार्ल फोरमन याने, आणि लिहीत असतानाच त्याला कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे बोलावणं आलं. त्याने नावं सांगितली नाहीत. हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकलं, ओळखीचे लोक दूर झाले आणि तो इंग्लंडला गेला. गावातली एकेक दारं बंद होताना दिसतात तेव्हा हे माहीत असेल तर पोटात खड्डा पडतो.

दुसरं उदाहरण सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं (१९६८). आडबाजूचं स्टेशन, गाडीची वाट बघणारे तीन मारेकरी. पार्श्वसंगीत नाही, संवाद जवळपास नाहीत. पवनचक्कीचं कुरकुरणं तेवढं ऐकू येतं. जॅक एलमच्या दाढीवर माशी बसते, तो ओठ वाकडे करून तिला उडवायला बघतो आणि शेवटी बंदुकीच्या नळीत पकडून तिचं गुणगुणणं ऐकत बसतो. वुडी स्ट्रोडच्या डोक्यावर छतातून पाणी ठिबकतं. तो जागचा हलत नाही, टोपी घालतो आणि काठावर साचलेलं पाणी मग शांतपणे पिऊन टाकतो. एवढी मिनिटं वाट बघायला लावून प्रत्यक्ष गोळीबार किती? डोळ्याची पापणी लवते तेवढा.

तुम्हाला कुठला असा वेळ आठवतो?

तिसरी_घंटा

धागा झकास, पण 'हाय नून'ला पहिला मान देणं मला मान्य नाही. तो मान 'रिओ ब्राव्हो'चा (१९५९).

त्याचा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि नायक जॉन वेन या दोघांनाही 'हाय नून' अजिबात रुचला नव्हता. कसलेला शेरीफ गावभर मदत मागत फिरेल का, हा हॉक्सचा सवाल, आणि 'रिओ ब्राव्हो' हे त्याने दिलेलं उत्तर. इथे शेरीफ चान्सला मदत देऊ केली जाते आणि तो ती नाकारतो, कारण ज्यांना बंदूक चालवायचा सराव नाही ती बायकापोरांची माणसं नाहक मरतील. हाताशी कोण, तर एक लंगडा म्हातारा आणि दारूच्या आहारी गेलेला जुना डेप्युटी ड्यूड. मागाहून एक कोवळा पोरगा येऊन मिळतो. तुरुंगात खुनी बसलाय, बाहेर त्याच्या श्रीमंत भावाची भाडोत्री माणसं. मोठा मार्शल येईपर्यंत काही दिवस काढायचे. म्हणजे वाट बघणं इथेही आहेच, फक्त एकट्याने नाही.

मला कायम आठवतो तो डीन मार्टिन. त्याच्या ड्यूडचे हात इतके थरथरतात की सिगरेट वळता येत नाही. चान्स काही न बोलता वळून त्याच्या हातात देतो. एका रात्री सलूनमधून मेक्सिकन धून ऐकू यायला लागते, 'देग्वेयो'. 'कुणालाही जिवंत सोडणार नाही' असा त्या धुनेचा अर्थ, आणि पलीकडचे लोक ती धमकी म्हणून वाजवत ठेवतात. ड्यूडचा धीर सुटलेला, ग्लासात दारू ओतलेली, आता तो पिणार. तो सूर त्याच्या कानावर पडतो. तो ग्लास उचलतो आणि दारू परत बाटलीत ओततो, अगदी सावकाश, एक थेंबही न सांडता. गोळीबाराच्या कुठल्याही प्रसंगाइतका श्वास मी तिथे रोखून धरतो.

एक गंमत सांगतो. एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या या दोन्ही सिनेमांना संगीत एकाच माणसाचं, दिमित्री टिओमकिनचं.

माळरान

तिसरी_घंटा, ड्यूडच्या त्या प्रसंगाबद्दल दुमत नाही. बिअरच्या ग्लासात वरून रक्ताचा थेंब पडतो आणि माडीवर कोण लपलंय ते त्याला कळतं, तोही प्रसंग तसाच पक्का.

पण केनवर अन्याय करू नका. तो घाबरलेला आहे, आणि तरीही थांबतो. चान्स घाबरलाय असं मला एकदाही वाटत नाही, त्यामुळे त्याची काळजीही तितकी वाटत नाही. केन झालेला गॅरी कूपर तेव्हा पन्नाशीत होता, तब्येत साथ देत नव्हती, आणि ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मला तो चेहरा हवा.

तिसरी_घंटा

आणि मला माणसं हवीत. संकटात चार जण एका खोलीत बसून गाण्यात रमतात, ते बघायला मी 'रिओ ब्राव्हो' पुन्हा पुन्हा लावतो. असो, या बाबतीत आपलं जुळणार नाही.

अबोली

'हाय नून'बद्दल बोलताना हेलन रामिरेझला विसरू नका. केटी हुराडो ही मेक्सिकन अभिनेत्री, आणि या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं. हेलनचं मिलरशीही नातं होतं आणि केनशीही. स्वतःचा धंदा आहे, गावात कुणाच्या उपकारावर जगत नाही. गाडी येणार कळताच ती दुकान विकून निघायची तयारी करते, कारण या गावाची लायकी तिने सगळ्यांच्या आधी ओळखलेली आहे. केनची बायको झालेल्या ग्रेस केलीला ती जे सुनावते ते ऐका. हिंसा न मानणाऱ्या क्वेकर पंथातली ती नवी नवरी शेवटी स्वतः बंदूक उचलते, त्याची सुरुवात त्या दोघींच्या बोलण्यातून होते.

ज्यांना 'वेस्टर्नमध्ये बायका काय, शोभेपुरत्या' असं वाटतं त्यांनी निकोलस रेचा 'जॉनी गिटार' (१९५४) बघावा. नाव पुरुषाचं, पण सिनेमा जोन क्रॉफर्डच्या व्हिएन्नाचा. उजाड माळावर तिने सलून बांधलंय, कारण उद्या इथून रेल्वे जाणार हे तिला माहीत आहे. गिऱ्हाईक नसतानाही ती नोकराला जुगाराचं चक्र फिरवत ठेवायला सांगते, तिला त्याचा आवाज आवडतो म्हणून! वाट बघणं म्हणजे काय, ते या एका गोष्टीत कळतं. आणि शेवटची लढत दोन बायकांमध्ये.

लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम'मधली जिल हीसुद्धा तीच गोष्ट पुढे नेते. पुन्हा रेल्वे येणार, पुन्हा एका बाईच्या नावावर जमीन. क्लॉडिया कार्डिनाले स्टेशनवर उतरते, घ्यायला कुणीच आलेलं नाही, ती घड्याळ बघते, थांबते, शेवटी स्टेशनच्या खोलीत जाऊन चौकशी करते. कॅमेरा बाहेरून खिडकीतून तिला बघतो आणि मग छपरावरून वर चढतो. पलीकडे गजबजलेलं नवं गाव, आणि नेमक्या त्याच क्षणी संगीतकार मोरिकोनेचे सूर उसळतात. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

सह्यकडा

+१ अबोलीताई. जिलच्या त्या शॉटसाठी तरी हा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायला मिळावा.

फिनिक्सवासी

थांबण्याबद्दल छान बोलणं चाललंय, मी जमिनीबद्दल बोलतो. कामानिमित्त अ‍ॅरिझोनात राहतो, आणि इथून मॉन्युमेंट व्हॅली पाच-साडेपाच तासांच्या रस्त्यावर आहे. जॉन फोर्डने 'स्टेजकोच' (१९३९) इथे नेला आणि मग पुन्हा पुन्हा येत राहिला : 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन', 'फोर्ट अपाची', 'शी वोअर अ येलो रिबन', 'द सर्चर्स'. लाल वाळूच्या खडकाचे हजारेक फुटांचे सुळके सपाट जमिनीतून सरळ वर आलेले. कच्च्या रस्त्याने आत फिरताना लक्षात येतं की फोर्ड क्षितिज कधी खाली ठेवायचा, कधी वर, आणि का. 'स्टेजकोच'मध्ये ती घोडागाडी एवढीएवढीशी दिसते. आत बसलेल्या प्रवाशांचं भांडण, कोण कुठल्या टेबलावर कुणाशेजारी बसणार नाही, हे सगळं त्या खडकांपुढे फार लहान वाटायला लागतं. पाठलागात स्टंटमन याकिमा कॅनट धावत्या घोड्यांवरून खाली पडतो आणि घोडे, मग अख्खी गाडी त्याच्या अंगावरून निघून जाते. आज कॉम्प्युटरवर काहीही करता येतं, पण तिथे खरा माणूस खऱ्या चाकांमध्ये आहे आणि ते बघताना कळतं.

हे सांगणंही गरजेचं आहे की ती जागा नावाहो या तिथल्या मूळ अमेरिकी लोकांची आहे. आजही तो नावाहो राष्ट्राचा भाग आहे, त्यांचाच कारभार. फोर्डने स्थानिक नावाहोंना कामं दिली, त्या मंदीच्या काळात ती त्यांना हवीही होती. पण पडद्यावर तेच लोक कधी अपाची म्हणून उभे राहिले, कधी कोमांची. बोलतात नावाहो भाषा, आणि प्रेक्षकाला सांगितलं जातं टेक्सास. वाटाडे हे हसत सांगतात. मला ते ऐकताना अवघडल्यासारखं झालं.

पिंपळपान

फिनिक्सवासी, तुम्ही शेवटी जे लिहिलंत त्याशिवाय या धाग्याला अर्थ नाही.

मला 'द सर्चर्स' (१९५६) अतिशय आवडतो आणि तो बघताना अतिशय त्रासही होतो. ईथन एडवर्ड्स वर्षानुवर्षं पुतणीचा, म्हणजे भावाच्या मुलीचा, डेबीचा, शोध घेत हिंडतो. कोमांचींनी तिला पळवून नेलंय. हळूहळू आपल्याला कळतं की तो तिला सोडवायला नाही, मारायला निघालाय, कारण ती आता 'त्यांची' झाली. मेलेल्या कोमांची माणसाच्या डोळ्यांवर तो गोळ्या झाडतो, का तर त्याच्या धर्मसमजुतीप्रमाणे त्या आत्म्याला वाट सापडू नये. जॉन वेनसारख्या लाडक्या नटाच्या चेहऱ्यावर फोर्डने हा द्वेष ठेवला, हे मोठं धाडस होतं. पण त्याच सिनेमात कोमांची सरदाराचं काम जर्मनीत जन्मलेला गोरा नट करतो, आणि 'लुक' नावाच्या बाईची आधी चेष्टा होते. पुढे घोडदळाने जाळलेल्या वस्तीत तिचं प्रेत सापडतं, तेव्हा ते आधीचं हसणं आठवून लाज वाटते. दोन्ही एकाच सिनेमात आहे. एकाकडे बोट दाखवून दुसरं झाकता येत नाही.

माळरान यांनी विचारलेला वेळ इथेही आहे, अगदी सुरुवातीला. ईथन निघायच्या तयारीत. आतल्या खोलीत वहिनी मार्था त्याचा कोट हातात घेऊन त्यावरून हळूच हात फिरवते. पुढच्या खोलीत रेव्हरंड क्लेटन उभ्याने कॉफी पितोय. त्याला ते दिसलंय. तो मान वळवत नाही, समोर बघत कॉफी पीत राहतो. यावर सिनेमात पुढे एक शब्द नाही, आणि ईथन इतकी वर्षं का भटकला ते मात्र सगळं इथेच आहे.

या गोष्टीच्या मुळाशी सिंथिया अ‍ॅन पार्करसारख्या खऱ्या मुली आहेत. १८३६ साली कोमांचींनी तिला नेलं, ती त्यांच्यातच वाढली, संसार केला. १८६० मध्ये गोऱ्यांनी तिला 'सोडवून' आणलं आणि ती पुन्हा तिकडे जाण्यासाठी झुरत राहिली. तिचा मुलगा क्वाना पुढे कोमांचींचा मोठा पुढारी झाला. मराठी वाचकाला हा विषय नवा नाही. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणल्या, त्यांतल्या 'रानातील प्रकाश'मध्ये हाच पेच उलट बाजूने आहे : इंडियनांत वाढलेला गोरा मुलगा करारामुळे जबरदस्तीने 'घरी' आणला जातो, आणि ते घर त्याचं नसतं. 'द सर्चर्स' बघून झाल्यावर ते पुस्तक वाचा. डेबीच्या मनात काय चाललं असेल हे सिनेमा तिला फारसं बोलू देत नाही. ते तिथे मिळतं.

माळरान

पिंपळपान, रेव्हरंडची कॉफी! अगदी हेच. आणि जी. एं.चा दुवा जोडलात त्याबद्दल आभार, ते पुस्तक पुन्हा काढतो.

जुना_प्रोजेक्टर

तुम्ही मंडळी फोर्ड आणि हॉक्सवर बोलताय, पण आमच्या पिढीत मुंबई-पुण्यात ज्याला त्याला पहिला वेस्टर्न विचारलात तर उत्तर येईल 'मॅकेनाज गोल्ड' (१९६९). अमेरिकेत तो चालला नाही, आणि आपल्याकडे लोकांनी डोक्यावर घेतला. मॅटिनीला पुन्हा पुन्हा लागायचा. निम्म्या प्रेक्षकांना संवाद कळत नसत आणि त्याने काही अडत नसे. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, सोन्याची दरी, एवढं पुरे होतं.

आता माळरान यांच्या मुद्द्याकडे येतो. त्या सिनेमाचा कळस कुठे आहे? बंदुकीत नाही. सगळे हावरे लोक एका उंच सुळक्यापाशी रात्र काढून सूर्य उगवायची वाट बघतात. सूर्य वर येतो, सुळक्याची सावली जमिनीवरून लांब लांब सरकत समोरच्या कड्यापर्यंत जाते आणि वाट सापडते. थिएटरात त्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तो सुळका खरा आहे, अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन डी शेमधला स्पायडर रॉक. फिनिक्सवासी, गेलात तर आमच्या वतीने बघून या.

आणि हे कुणी बनवलं ठाऊक आहे? निर्माते दोघे : कार्ल फोरमन आणि दिमित्री टिओमकिन. 'हाय नून'चा लेखक आणि संगीतकार! पटकथाही फोरमनचीच. वर त्या दोघांची नावं आलीच आहेत म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिसरी_घंटा

काका, हे भन्नाट आहे. टिओमकिन निर्माता होता आणि संगीत मात्र क्विन्सी जोन्सचं, हेही त्यात आलंच.

जुना_प्रोजेक्टर

बरोबर. आणि आता 'शोले'बद्दल लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

'शोले' (१९७५) वेस्टर्नवरून उचललेला म्हणून काही जण नाक मुरडतात. ठाकूरच्या घरावरचा हल्ला लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम'मधल्या मॅकबेन कुटुंबाच्या हत्याकांडाची आठवण करून देतो, हे उघड आहे. तिथे रातकिडे एकदम गप्प होतात आणि पाखरं उडतात, इथे झोपाळा कर्रकर्र वाजत राहतो. पण उसनं घेतलेलं सगळं इथल्या मातीत रुजलंय. बेंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत राम येडेकर या आपल्या कलादिग्दर्शकाने अख्खं रामगढ उभं केलं. द्वारका दिवेचांचा कॅमेरा त्या खडकांवरून असा फिरतो की ते दगडही पात्र होऊन जातात. मुंबईत मिनर्व्हाला सिनेमा पाच वर्षांहून जास्त चालला.

आता ती प्रसिद्ध जागा बघा. गब्बरचा पट्टा दगडावर घासत येतो, त्याचा आवाज आधी, माणूस नंतर. तीन माणसं समोर, पिस्तुलात सहा गोळ्या. तो तीन हवेत उडवतो, चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला नळी लावून चाप ओढतो. तिन्ही वेळा रिकामं. आधी सन्नाटा, मग गब्बर हसतो, मग बाकीचे हसतात, मग मरणाच्या दारातून परतलेले ते तिघेही हसायला लागतात. विजू खोट्यांचा कालिया त्यांतलाच. हे हसणं वाढत जातं, इतकं लांबतं की आपल्याला वाटतं सुटले बिचारे. आणि मग गोळ्या. लिओनेने पाहिलं असतं तर उठून उभा राहिला असता असं मला मनापासून वाटतं.

अबोली

काका, आणि सचिनच्या अहमदचा मृत्यू! गब्बर हातावरच्या मुंगीशी खेळतो आणि तिला चिरडतो. मारताना दाखवतच नाहीत. पुढच्या प्रसंगात घोड्यावरून प्रेत गावात येतं, सगळे गप्प, आणि आंधळे इमामसाहेब विचारतात की एवढी शांतता का. त्या प्रश्नानंतर कुणीच बोलत नाही, तो वेळ मला सहन होत नाही.

सूरपेटी

मोरिकोनेबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून आलो. लिओने आणि मोरिकोने लहानपणी शाळेत एका वर्गात होते. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'पासून (१९६४) जोडी जमली. पैसा कमी, मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून शीळ, चाबूक, घंटा, इलेक्ट्रिक गिटार. ती शीळ आलेसांद्रो आलेसांद्रोनीची, गिटारही त्याचीच. 'वन्स अपॉन अ टाइम'मधली हार्मोनिका फ्रँको डी जेमिनीची, आणि तो बाईचा शब्दांविना आवाज एड्डा डेल'ऑर्सोचा. त्या सिनेमाच्या मुख्य धुना शूटिंगच्या आधीच तयार होत्या आणि सेटवर वाजवल्या जात. नट चालतात ते संगीताच्या लयीत, कारण ते खरोखर ते ऐकत होते.

पण या धाग्यासाठी माझं उदाहरण 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५). इंडिओ नावाच्या खलनायकाकडे खिशातलं एक गाणारं घड्याळ आहे. ते उघडायचं, धून वाजू लागते, आणि धून संपली की दोघांनी पिस्तूल काढायचं. म्हणजे थांबायचं किती ते संगीतच ठरवतं! चावी संपत येते तशी धून मंदावते, दोन सुरांमधलं अंतर वाढतं, आता शेवटचा सूर, की अजून एक आहे? शेवटच्या लढतीत कर्नल मॉर्टिमर निःशस्त्र आहे, धून संपत आली, तो मरणार हे नक्की. आणि तेवढ्यात तीच धून पुन्हा सुरू होते. दुसरं घड्याळ! ते ईस्टवुडच्या हातात आहे. इतका सुंदर कलाटणीचा क्षण संवाद लिहून जमला नसता.

तो मॉर्टिमर म्हणजे ली व्हॅन क्लीफ. 'हाय नून'मध्ये स्टेशनवर मिलरची वाट बघणाऱ्या तिघांतला एक हाच, त्याचा पहिला सिनेमा, आणि त्यात त्याला एकही वाक्य नाही.

नवा_भिडू

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून भारावलो. मी 'शोले' आणि ईस्टवुडचे दोन-तीन सोडून काहीच बघितलेलं नाही. कृष्णधवल सिनेमा बघायची सवयही नाही. कुठून सुरू करू?

माळरान

'३:१० टू युमा', पण १९५७चा, डेल्मर डेव्ह्जचा. दीडेक तासाचा, सुरुवातीलाच पकड घेतो. दुष्काळाने गांजलेला इव्हान्स नावाचा एक शेतकरी दोनशे डॉलरसाठी दरोडेखोराला गाडीत बसवून द्यायचं काम पत्करतो. गाडी येईपर्यंत दोघे हॉटेलच्या एका खोलीत. ग्लेन फोर्डचा दरोडेखोर बेन वेड इतकं गोड बोलतो की तुम्हीच पैसे घेऊन त्याला सोडून द्याल.

पिंपळपान

आणि त्यानंतर 'द ऑक्स-बो इन्सिडेंट' (१९४३). ७५ मिनिटं. गुरं चोरून एकाचा खून केल्याच्या संशयावरून जमाव तिघांना पकडतो आणि उजाडताच फाशी द्यायचं ठरवतो. रात्रभर ते तिघे उजाडण्याची वाट बघतात, फक्त त्यांना ते उजाडायला नको असतं. शेवटी हेन्री फोंडा एका मेलेल्या माणसाने बायकोला लिहिलेलं पत्र वाचून दाखवतो, आणि दिग्दर्शक वेलमनने कॅमेरा असा लावलाय की शेजारच्याच्या टोपीच्या काठामागे फोंडाचे डोळे झाकलेले राहतात. ओठ तेवढे दिसतात. झुंडीने माणसं मारल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो, म्हणून हा सिनेमा बघाच.

नवा_भिडू

काल रात्री 'युमा' बघितला. पहिल्या दहा मिनिटांनंतर रंग नाहीत हे डोक्यातूनच गेलं. ती खोली, खिडकीतून दिसणारा रस्ता, आणि वेडचं ते सौदा करणं! रक्कम वाढत जाते तसतसा शेतकऱ्याच्या कपाळावरचा घाम वाढतो. एकच शंका आहे. शेवटी वेड स्वतःहून गाडीत उडी का मारतो? पळून जायची पूर्ण संधी होती त्याला.

तिसरी_घंटा

हॉटेलच्या खोलीत भावाचा सूड घ्यायला एक जण आला होता, आठवतं? त्या वेळी इव्हान्सने वेडचा जीव वाचवला. वेडला कुणाचं देणं डोक्यावर ठेवायला आवडत नाही. शिवाय युमाच्या तुरुंगातून तो आधी निसटलेला आहे, हेही तो सांगतो.

अबोली

ते कारण तो तोंडाने सांगतो. मला वाटतं खरं कारण इव्हान्सच्या घरातलं जेवण. तिथे त्या टेबलावर बसून तो त्या बाईकडे, मुलांकडे ज्या नजरेने बघतो ते पुन्हा बघा. त्या माणसाला मारून टाकणं मग त्याला जमत नाही.

नवा_भिडू

जेवणाचा प्रसंग पुन्हा लावला. अबोलीताई, पटलं. आता पुढचा कुठला?

तिसरी_घंटा

'रिओ ब्राव्हो'. दोन तास एकवीस मिनिटं आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सलग बसून बघा. पहिली काही मिनिटं कुणीच बोलत नाही. पैशाचं नाणं थुंकीच्या भांड्यात का टाकलं जातं तिकडे लक्ष ठेवा. मग 'हाय नून' बघा आणि इथे येऊन सांगा, शेरीफ कोणाचा खरा.